बॉनेटखालचा फोम

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिनावर काळी भुकटी सांडलेली दिसली तर लगेच मेकॅनिककडे धावू नका. बॉनेटला आतून फोमची गादी चिकटवलेली असते, ती वयोमानाने विरते. माझी गाडी १९८४ ची, जर्मन, पाच सिलिंडरची डिझेल. (घरात तिला "सवत" असं नाव आहे. असो.) गेल्या उन्हाळ्यापासून तिचा फोम इतका सुटायला लागला की तेल तपासायला हात घातला तरी बाही काळी व्हायची.

हा फोम पॉलियुरेथेनचा. १९३७ साली ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लेव्हरकुसेनला हे रसायन शोधलं. आता त्याशिवाय आपली गादी, सोफा, बूट काहीच होत नाही. पण हवेतला दमटपणा, इंजिनाची धग आणि तेलाची वाफ यांनी त्याच्या लांबलचक साखळ्या हळूहळू तुटतात. तुम्ही हे पाहिलेलं आहे, बरं का. कुणाच्या तरी लग्नात घेतलेले भारी बूट माळ्यावर ठेवायचे, सहा-सात वर्षांनी पुढच्या लग्नाला काढायचे, आणि हॉलच्या पायऱ्यांवरच तळवा गळून पडायचा. साधारण तोच प्रकार.

नुसती भुकटी पडली तर फार बिघडत नाही. इंजिनाची हवा फिल्टरमधून जाते. पण केबिनमधल्या पंख्याची हवा काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत येते, आणि तिथून भुकटी नाकात. शिवाय मोठा तुकडा लोंबून पट्ट्यात अडकला किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर मग गंमत नाही. सगळा खरवडून तसंच सोडावं असं म्हणणारेही आहेत. त्यांच्या बॉनेटचा रंग धगीने उतरतो तेव्हा ते काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

त्यात जूनमध्ये बाबा आले. बाबा म्हणजे एस.टी.च्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेला माणूस.

"फोम कशाला लागतोय? आमच्या जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून असायचं. वर गोणपाट टाकायचे आणि गर्दी झाली की पॅसेंजर त्यावरच बसायचा."

"बाबा, साठ डॉलरचं काम आहे."

"आठ? मग आण की."

इथे थांबून सांगायला हवं. बाबांना ऐकू येतं, पण कळत नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी काढलेला त्यांच्या कानांचा आलेख मी पाहिलाय. कमी फ्रिक्वेन्सीला रेघ बरी आहे, आणि ४००० हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. सतत गोंगाटात काम करणाऱ्यांचा कान बहुधा तिथूनच जायला लागतो. स, श, त, थ हे आवाज वरच्या पट्टीतले, ते आधी गळतात. साठचे आठ होतात. नातीचं बारीक आवाजातलं बोलणं तर निम्मं जातंच. श्रवणयंत्र आहे, चांगल्यापैकी आहे, आणि ते बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. "त्यानं नुसता कलकलाट होतो" हे त्यांचं म्हणणं. आमच्याकडे आले तेव्हापासून ते जेवताना कमी बोलतात. आपण काहीतरी भलतंच उत्तर देऊ अशी धास्ती.

फोमचं गणित त्याच्या नेमकं उलट. सच्छिद्र फोममध्ये शिरलेली हवा घासली जाते आणि आवाजाची उष्णता होते. पत्र्याला चिकटलेला फोम सगळ्यात चांगलं काम करतो ते त्याची जाडी तरंगलांबीच्या पाव असते तिथे. दोन सेंटिमीटर जाडीला ते येतं साधारण ४३०० हर्ट्झ. म्हणजे जो आवाज बाबांच्या कानातून गेला, तोच हा फोम गिळतो. डिझेलची ढगढग, ते खालचे आवाज, त्याला फारसे आवरत नाहीत. मी हे बाबांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ दोन्ही आलेख शेजारी धरून पाहिले आणि म्हणाले, "तेव्हा कानात कापूस घालत होतो. तो काय रोखणार!"

शनिवारी कामाला लागलो. या गाडीचं बॉनेट सरळ नव्वद अंशात उभं राहतं, त्यामुळे मान वाचते. इंजिनावर जुनी चादर, जाळीवर टेप, तोंडाला मास्क. फोम प्लॅस्टिकच्या पात्याने अर्ध्या तासात निघाला; खालचा गोंद मात्र दुपार खाऊन गेला. बाबांनी इंच इंच पुसून काढला. दोन ठिकाणी गंजाचे ठिपके निघाले, कारण फोम ओल धरून ठेवतो. ते घासून प्रायमर मारला.

नवा फोम मेलामाइनचा घेतला. भिंतीवरचे डाग पुसायचा पांढरा स्पंज मिळतो ना, तेच. वितळत नाही, सहज पेट घेत नाही. सोफ्याचा उरलेला फोम चुकूनही लावू नका. आणखी एक: विकणारे "३०२ मानकाप्रमाणे" असं ठळक छापतात. ते १९७२ पासूनचं अमेरिकन मानक गाडीच्या आतल्या सीट-बीटसाठी आहे. मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळू नये, एवढंच ते मागतं. बॉनेटखाली मला तेवढं पुरेसं वाटत नाही. गोंदही धगीत टिकणारा हवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात गादी इंजिनावर येऊन झोपते. दोन्हीकडे फवारायचा, चिकट होईपर्यंत थांबायचं आणि मधून कडेकडे दाबत जायचं. एकदा टेकला की हलत नाही.

गाडी सुरू केली. बाहेर उभं राहून फरक कळला; वरची खडखड मऊ झाली होती. आत बसल्यावर फारसा नाही, तिथे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरचं आवरण जास्त कामाचं.

बाबा आत गेले आणि श्रवणयंत्र लावून आले. बॉनेट उघड म्हणाले. मग बंद कर. परत उघड. दोन मिनिटं डोळे मिटून उभे होते.

"टॅपेट वाजतंय रे तुझं."

"मला नाही ऐकू येत."

"येतंय ना मला."

त्यांचं तिकीट एकवीस तारखेचं आहे. कव्हरचं गॅस्केट गुरुवारपर्यंत येईल म्हणतात. आज सकाळी नातीने त्यांना बोटीचा स्पेलिंग विचारला, तेव्हा यंत्र कानातच होतं. अर्थात गॅस्केट यायच्या आत ते परत बॅगेत जाणार नाही याची खात्री कोण देणार. फीलर गेज मात्र त्यांनी आत्ताच काढून पुसून ठेवलाय.