हुकमाचे वाक्य

'हुकूम' हा शब्द उर्दूत आहे, तसा मराठीतही आहे. आज आपण संगणकाला लेखी हुकूम कसा द्यायचा, ते पाहू.

तुम्ही विचाराल, "सर, चित्रावर टिचकी मारली की खेळ सुरू होतो. मग लिहायचे कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण चित्र एवढेच सांगते, 'सुरू हो.' कसे सुरू व्हायचे, हे सांगायला शब्द लागतात.

पूर्वी नाणे टाकून खेळण्याची मोठी यंत्रे असत. त्यांतील कितीतरी आता मोडीत गेली. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो बहुरूप्यासारखा आहे. तो त्या जुन्या यंत्राचे सोंग घेतो आणि त्याचा खेळ आपल्या संगणकावर चालवतो. अशा प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात.

जुन्या खेळांनाही मालक असतात. ते न विचारता घेऊ नयेत. १९८३ सालचा 'ग्रिडली' हा खेळ मात्र मालकांच्या परवानगीने मोफत मिळतो. त्याची फाइल मेमच्या 'रॉम्स' फोल्डरमध्ये ठेवा. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून मेमच्या फोल्डरमध्ये जा आणि इंग्रजी अक्षरांत असे लिहा :

मेम ग्रिडली -विंडो -साउंड नन

उर्दू आपण उजवीकडून लिहितो. हे वाक्य डावीकडून लिहायचे. पहिला शब्द सांगतो, काम कोणी करायचे. दुसरा सांगतो, कोणता खेळ लावायचा. पुढचे शब्द सांगतात, तो कसा लावायचा : पूर्ण पडद्यावर नको, लहान चौकटीत, आणि आवाज बंद. या पुढच्या शब्दांना पर्याय म्हणतात. पर्यायाच्या आधी जागा सोडावी आणि त्याला जोडून आडवी रेघ द्यावी.

माझे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला होते. मी त्यांचा डबा घेऊन जाई. मागाच्या वर जकार्ड असे. त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरे. कोणते धागे उचलायचे, हे ती भोके ठरवीत. माळ बदलली की त्याच मागावर फुलांच्या जागी मोर उमटे. पर्यायांचेही असेच आहे. प्रोग्राम तोच, खेळ तोच. शब्द बदलले की चाल बदलते.

तुमच्यापैकी अनेकजण मराठी बोलताना अडखळतात. 'चुकलो तर लोक हसतील,' अशी भीती वाटते. संगणक हसत नाही. पर्याय चुकला, तर 'हा पर्याय मला माहीत नाही,' असे तो सांगतो. खेळाचे नाव चुकले, तर मिळतीजुळती नावे दाखवतो. 'मेम -शोयूसेज' असे लिहिले, तर सगळ्या पर्यायांची यादीच देतो. आपण शब्द दुरुस्त करायचा आणि पुन्हा लिहायचे.

उद्या तुम्ही एखाद्या कचेरीत जाल. खिडकीपाशी उभे राहून नुसते 'दाखला द्या' म्हणाल, तर काम अडेल. 'मला उत्पन्नाचा दाखला हवा आहे, शिष्यवृत्तीसाठी,' असे म्हणा. कोणता आणि कशासाठी, हे सांगणारे दोन शब्द जास्त लागतात. ते शब्द आजपासूनच जमवा.