फ्रेम उलगडताना

ग्राफिक्समधला बग बहुतेक वेळा गप्प असतो. प्रोग्रॅम कोसळत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही, ओपनजीएलला ‘काही चुकलं का’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येतं. पडद्यावरचं चित्र तेवढं चुकलेलं असतं. कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावून थांबावं, तर त्या ओळीने सांगितलेलं काम जीपीयूने अजून केलेलंच नसतं. तो रांगेत लागलेले आदेश मागाहून उचलतो. त्यात ओपनजीएल १९९२ सालचं, सिलिकॉन ग्राफिक्सच्या काळातलं. त्याची रीत अशी, की एकदा केलेली सेटिंग कुणी बदलेपर्यंत तशीच राहते. आत्ता चुकीच्या दिसणाऱ्या रेषेचं कारण चार हजार कॉल मागे, भलत्याच फाइलमध्ये असू शकतं.

पुण्यात मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करायचो ते रासायनिक कारखान्यांची त्रिमितीय मॉडेलं दाखवायचं. पाइप, व्हॉल्व्ह, पंप, टाक्या, जिने. कोड जुना, अनेक हातांतून गेलेला. एका ग्राहकाकडून तक्रार येऊ लागली, की अंतर मोजायचं टूल चालू असताना मॉडेल फिरवलं की पाइप मधूनमधून गायब होतात. फिरवत राहिलं की भोकं वाढत जातात, आणि मग कधीतरी सगळं आपोआप नीट होतं. पुरावा म्हणून मॉनिटरचे मोबाइलने काढलेले फोटो यायचे. आमच्याकडे मात्र काही केल्या तसं होत नव्हतं. ‘आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही’ हे वाक्य आमच्या बाजूने इतक्यांदा गेलं, की समोरच्याला ते ‘तुम्ही खोटं बोलताय’ असंच ऐकू येत असणार. मॉडेल मागितलं तर गोपनीयतेमुळे नकार.

टीममधल्या मॅडम म्हणाल्या, “मॉडेल नको मागूस. ट्रेस माग.”

एपीआयट्रेस हे साधन मी त्याआधी नुसतं ऐकून होतो. ते जोझे फोन्सेका यांनी सुरू केलेलं, मुक्त परवान्याचं आहे. विंडोजवर त्याची युक्ती अगदी सरळ आहे. आपल्या प्रोग्रॅमच्या एक्झी फाइलशेजारी त्याची स्वतःची ओपनजीएल डीएलएल ठेवायची. प्रोग्रॅमला वाटतं ती विंडोजचीच. तो जो कॉल करेल तो ही डीएलएल लिहून घेते आणि खऱ्या ड्रायव्हरकडे पुढे पाठवते. लिनक्सवर हेच काम एलडी-प्रीलोड वापरून होतं. शेवटी हातात एक फाइल राहते, तोच ट्रेस. तिच्यात प्रत्येक कॉल त्याच्या क्रमाने आणि त्याच्या आकड्यांसकट. दुसऱ्या मशीनवर ती रीप्ले केली की तेच कॉल पुन्हा जातात. मूळ प्रोग्रॅम तिथे लागतच नाही.

मात्र ट्रेसमध्ये नुसती कॉलची नावं नसतात. त्रिकोणांचे सगळे बिंदू, टेक्स्चर, शेडरचा मजकूर, सगळं त्यात येतं. त्याशिवाय दुसरीकडे चित्र उभंच राहणार नाही. म्हणजे मॉडेल द्यायला ज्यांनी नकार दिला होता, त्यांच्याकडे आम्ही वेगळ्या नावाने मॉडेलच मागत होतो. हे त्यांना आधी लेखी कळवायचं, असं मॅडमनी बजावलं आणि ते मला फार योग्य वाटलं. पुढेही कुणाकडून ट्रेस घेताना मी हे पहिल्यांदा सांगत आलो. तिकडच्या इंजिनिअरने मग खटपट करून साध्या डब्या-नळकांड्यांचं खोटं मॉडेल बनवलं, त्यात तोच बिघाड होतो का ते तपासलं, आणि त्याचा ट्रेस पाठवला. त्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पण बग शोधण्याचं निम्मं काम त्याने केलं, असं मी आजही मानतो.

फाइल रीप्ले केली आणि आमच्या पडद्यावर भोकं पडली. ज्याचे फक्त फोटो पाहिले होते ते डोळ्यांदेखत घडताना पाहून मी खुर्चीतून उठलोच. मशीन आमचं, ड्रायव्हर आमचा, तरी तेच चुकीचं चित्र. म्हणजे दोष त्यांच्या ग्राफिक्स कार्डाचा असेल का, हा प्रश्न तिथेच मिटला. चूक प्रोग्रॅमने पाठवलेल्या कॉलमध्येच होती.

मग एपीआयट्रेससोबत येणाऱ्या क्यूएपीआयट्रेसमध्ये फाइल उघडून फ्रेममागून फ्रेम वाचत गेलो. त्यात एखाद्या कॉलवर थांबून त्या क्षणाची स्थिती मागवता येते. ते साधन तिथवर सगळं पुन्हा चालवतं आणि कोणती सेटिंग काय आहे ते दाखवतं. चांगल्या फ्रेमच्या सुरुवातीची स्थिती आणि बिघडलेल्या फ्रेमच्या सुरुवातीची स्थिती शेजारी ठेवली. फरक एकच निघाला. बिघडलेल्या फ्रेममध्ये पडदा पुसण्याचा कॉल जात होता तेव्हा डेप्थ मास्क बंद होता.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे ठरवण्यासाठी प्रत्येक पिक्सेलचं अंतर डेप्थ बफरमध्ये साठवलेलं असतं. डेप्थ मास्क बंद केला की त्या बफरमध्ये लिहिणं थांबतं. मोजमापाच्या रेषा काढताना तो बंद करणं बरोबरच होतं. पण ओपनजीएलमध्ये पुसण्याचा कॉलसुद्धा हा मास्क पाळतो. मास्क बंद असताना डेप्थ बफर पुसायला सांगितलं, तर रंग पुसला जातो आणि अंतरं जशीच्या तशी राहतात. एररही येत नाही, कारण नियमाप्रमाणे यात चूक काहीच नाही. मग मॉडेल फिरवलं की जिथे आधी जवळची वस्तू होती तिथे आता लांबची काढायला जावं, तर जुनं अंतर तिला अडवतं. भोकं पडतात. फिरवत राहिलं की बफरमध्ये सगळ्यांत जवळची अंतरं साचत जातात, भोकं वाढतात. तक्रारीतला शब्द न् शब्द खरा होता.

मास्क बंद राहत होता तो एका लवकर परतणाऱ्या वाटेमुळे. मोजमापाचा आकडा पडद्याबाहेर गेला, की ते फंक्शन मास्क पुन्हा चालू न करताच परत यायचं. आकडा पडद्यावर परतला की सगळं नीट. आमच्याकडे मोजमाप करून पाहणारे सगळे आकडा समोर ठेवूनच मॉडेल फिरवत होते. आणि कोड वाचून हे का सापडलं नव्हतं? कारण घन वस्तू काढणारा भाग दर फ्रेमला मास्क चालू करतो. जो कुणी तो भाग उघडायचा त्याला तिथे सगळं ठीक दिसायचं. फक्त पुसणं त्याच्या आधी होत होतं. कोडमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या फाइलींत होत्या, ट्रेसमध्ये एकाखाली एक.

दुरुस्ती एका ओळीची होती.

त्यानंतर मी या साधनांच्या प्रेमातच पडलो. रेंडरडॉक हाती आलं तेव्हा तर फारच. बाल्डर कार्लसन यांचं हे साधन २०१४ पासून मुक्त आहे. ते पूर्ण प्रवास न नोंदवता एकच फ्रेम पकडतं, पण ती फ्रेम आतून दाखवतं. ड्रॉ कॉलच्या यादीत एकेक पायरी खाली उतरत जावं आणि चित्र डोळ्यांसमोर भरत जावं. डायरेक्टएक्स ११ मध्ये तर एका पिक्सेलवर क्लिक करून त्याचा इतिहास विचारता येतो. कोणत्या ड्रॉ कॉलने तिथे रंग भरला, कोणाचा रंग डेप्थ टेस्टने नाकारला, सगळं क्रमाने. जुन्या पद्धतीचं ओपनजीएल मात्र रेंडरडॉक घेत नाही, त्यामुळे आमच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी एपीआयट्रेसच उपयोगी होतं. ग्राफिक्स शिकायला आलेल्या मुलांना मी त्रिकोण काढायच्या धड्याआधी एखाद्या चालू प्रोग्रॅमची फ्रेम पकडून उघडायला लावतो. सावल्यांचा नकाशा आधी वेगळा काढला जातो, मग तो वापरला जातो, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. समोर घडताना दिसलं की शिरतं.

रीप्ले केल्यावर बिघाड दिसला नाही, तर त्यालाही अर्थ असतो. पुढे अँड्रॉइडवरच्या कामात जमिनीवरच्या आखणीच्या रेषा फोनवर थरथरायच्या. त्याच फोनवरून घेतलेला ट्रेस डेस्कटॉपवर चालवला तर रेषा गुळगुळीत. कॉल तेच, आकडे तेच, चित्र वेगळं. कुणी लगेच फोनच्या ड्रायव्हरला दोष दिला. खरं कारण शेडरच्या पहिल्या ओळीत होतं. तिथे मीडियम-पी, म्हणजे मध्यम अचूकता मागितली होती. डेस्कटॉपचे जीपीयू सहसा ती मागणी बाजूला ठेवून ३२ बिटांतच हिशेब करतात. फोन मात्र १६ बिटांत करतो, आणि त्यात अपूर्णांकाला १० बिट. म्हणजे १०२४ ते २०४८ या टप्प्यात दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर १, आणि त्याच्या पुढच्या टप्प्यात २. आमचे निर्देशांक हजारांत जात होते. रेंडरडॉकमध्ये तीच फ्रेम फोनवरच रीप्ले करता येते. तिथे थरथर दिसली, हाय-पी लिहिलं आणि थांबली. ड्रायव्हर नियमाप्रमाणेच वागत होता.

ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणारी माणसं हीच कल्पना उलट्या बाजूने वापरतात. मेसा प्रकल्पात ड्रायव्हरमध्ये बदल केला, की साठवलेले ट्रेस आपोआप पुन्हा चालवले जातात आणि निघालेली चित्रं आधीच्याशी जुळतात का ते पाहिलं जातं. आम्हीही जुन्या बगांचे ट्रेस जपून ठेवू लागलो. पण ट्रेस ड्रायव्हर तपासतो, आपला कोड नाही, हे टीमला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मास्कची ती ओळ उद्या कुणी परत काढली, तरी जुना ट्रेस पूर्वीसारखाच वाजेल. त्यासाठी प्रोग्रॅम चालवून नवा ट्रेस घ्यायला हवा. वेगाच्या बाबतीतही सांभाळून राहावं. रीप्लेमध्ये आपल्या प्रोग्रॅमची आकडेमोड नसते, त्यामुळे तिथला वेग हा ग्राहकाला दिसणारा वेग नव्हे.

सगळ्यांत अवघड जागा २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कनमध्ये सापडली. तिथे मेमरी एकदा मॅप केली, की प्रोग्रॅम थेट तिच्यात लिहितो. त्या लिहिण्याचा कॉलच होत नाही, मग नोंद करणाऱ्याने नोंदवायचं काय? लूनारजीचं जीएफएक्सरिकन्स्ट्रक्ट त्यासाठी मेमरीच्या पानांवर पहारा बसवतं. पानाला हात लागला की प्रोसेसर अडतो, ते पान बदललं असं टिपून घेतलं जातं आणि काम पुढे जातं. हे चालतं, पण आमच्या प्रोग्रॅममध्ये दर फ्रेमला इतकी पानं बदलत की रेकॉर्डिंग करताना तो ओळखू येणार नाही इतका मंदावायचा, आणि मंदावला की जो बग पकडायचा तो व्हायचाच नाही. शेवटी आम्ही चाचणीच्या बिल्डमध्ये मेमरीत लिहून झाल्यावर प्रत्येक वेळी फ्लशचा कॉल करायला लागलो. कोणता तुकडा बदलला हे त्या कॉलमध्येच लिहिलेलं असतं, आणि फक्त त्यावर विसंबून नोंद घेण्याची सोय त्या साधनात आहे. पहारा काढून टाकला, प्रोग्रॅम जवळजवळ मूळ वेगाने चालू लागला आणि ट्रेस पूर्ण यायला लागले.