लागणीची तारीख

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती तालुक्यातल्या माळेगाव-सोमेश्वरनगरपासून इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरपर्यंत, उसाची नोंद म्हटली की चार शब्द येतातच : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. कंपन्यांच्या माहितीची वर्गवारी लावायला बसणाऱ्याला मी आधी हीच यादी दाखवीन. तर्कशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ती चुकलेली आहे. पहिली तीन नावं लागणीच्या हंगामावरून पडली, खोडवा मात्र तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पीक. एका यादीत दोन कसोट्या. तरी ती टिकली, कारण तिला विचारायचा प्रश्न एकच : हा ऊस तोडीला कधी येणार? आडसालीला १६ ते १८ महिने लागतात, पूर्वहंगामीला १४-१५, सुरूला १२. खोडव्याचे महिने आधीचा ऊस तुटल्या दिवसापासून मोजायचे. वर्गवारी बरोबर की चूक हे तिच्यावरून जो निर्णय घ्यायचा आहे त्यावर ठरतं. कंपनीतल्या खातेप्रमुखांच्या यादीवरून पाडलेले कप्पे म्हणूनच फार दिवस चालत नाहीत.

उसाची जात मात्र या रकान्यात घालू नये. चार प्रकार आणि पाच जाती जोडून लिहिल्या तर २० कप्पे होतात. वेगळ्या रकान्यांत ठेवल्या तर ९ शब्दांत तेवढंच सांगता येतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात ग्रंथांसाठी हेच केलं : विषयाची अंगं सुटी करा, मग हवी तशी जोडा. कोसी ६७१ ही जात लवकर पक्व होते, म्हणून एकाच तारखेच्या दोन फडांचा तोडीचा क्रम वेगळा लागू शकतो, आणि जात व तारीख सुटी असली तरच तो लावता येतो. शिवाय फुले २६५, कोएम ०२६५ आणि नुसतं ‘दोनशे पासष्ट’ ही एकच जात. नोंदीत एक नाव धरावं, बाकीची त्याच्याकडे वळवावीत. शेतकऱ्याला त्याचा शब्द सोडायला लावू नये.

संगणक सगळं शोधून देतो, मग हा खटाटोप कशाला, असं विचारतात. को ८६०३२ या जातीला नीरा म्हणतात. ‘नीरा’ शोधा, ऊस येईल, नदी येईल, कालवा येईल आणि गावही येईल.

दुसरा आक्षेप खरा आहे. आडसालीची शिफारस १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामीची १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. मग सप्टेंबरची लागण कुठे? एक जण आडसाली लिहील, दुसरा पूर्वहंगामी. त्यासाठी ‘इतर’ असा कप्पा उघडू नका, वर्षभरात तिथे अडगळ साठते. हद्द कुठे ते लेखी ठरवा आणि मूळ तारीख जशीच्या तशी ठेवा. हद्द चुकली तर तारखेवरून प्रकार पुन्हा लावता येतो. नुसत्या प्रकारावरून तारीख काढता येत नाही.