बदलापूर ते कॅम्प नंबर दोन

परवा जाऊबाईंबरोबर उल्हासनगरला जाऊन आले. पुतणीचं लग्न तोंडावर आलंय, आणि देण्याघेण्याचं कापड घ्यायचं म्हटलं की आम्हा बदलापूरच्या बायकांची पावलं आपोआप तिकडेच वळतात. घरातून निघताना मात्र एक वाद अर्धा टाकून निघाले होते. नात येत्या जूनमध्ये शाळेत जायची. सूनबाईंचं म्हणणं इंग्रजी माध्यम, माझं म्हणणं मराठी. चिरंजीव नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राआड!

गाडीत सुदैवाने खिडकी मिळाली. अंबरनाथच्या अलीकडे गाडी थांबली तशा जाऊबाई म्हणाल्या, "सिग्नल नाही वाटतं मिळाला." मला हसूच आलं. जाऊबाई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. पण स्टेशन, तिकीट, डबा लेडीजचा, पास फर्स्टक्लासचा, सगळं कसं तोंडात बसलेलं! हे शब्द आपल्याला कोणी शिकवले? कोणीच नाही. ते रुळांवरून आले.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १८५४ साली ती कल्याणला पोचली आणि १८५६ साली आपल्या बाजूने खोपोलीपर्यंत गेली. अर्थात तुमच्या-माझ्या लग्नाच्या खरेदीसाठी इंग्रजांनी रूळ टाकले नव्हते बरं का! आतल्या मुलखातला कापूस बंदरावर न्यायचा, विलायती माल आत आणायचा आणि वेळ पडली तर फौज हलवायची, हा त्यांचा हिशेब. रेल्वे, टपाल, कचेऱ्या चालवायला इंग्रजी लिहू-वाचू शकणारी माणसं हवी होती. मेकॉलेसाहेबांनी १८३५ सालीच इंग्रजी शिक्षणाची बाजू घेतली होती. गाडी कल्याणला आली त्याच १८५४ साली विलायतेहून वुडचा खलिता आला. वरच्या शिक्षणाला इंग्रजी आणि सर्वसामान्यांना देशी भाषा, असं त्यात ठरलं. १८५७ साली मुंबईत विद्यापीठ उघडलं.

सगळ्या जगात इंग्रजी अशीच पसरली असं मात्र नाही. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात इंग्रज स्वतःच बिऱ्हाड घेऊन राहायला गेले. तिथल्या मूळच्या लोकांची जमीन गेली आणि मागोमाग बोलीही गेल्या. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मालकाच्याच भाषेचे तुकडे जोडून त्यांना बोलावं लागलं. आपल्याकडे साहेब मूठभरच आले. इथे इंग्रजी आली ती नोकरीच्या दाराने. म्हणून ती कितीतरी वर्षं पुरुषांच्या कचेरीतच राहिली, आपल्या माजघरात आलीच नाही.

अंबरनाथ आलं. तिथल्या शिवमंदिरात शिलाहारांचा शिलालेख आहे, शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. तोही संस्कृतात! ज्या बायाबापड्यांनी तेव्हा तिथे पाणी वाहिलं असेल, दगड उचलले असतील, त्यांना त्यातलं अक्षर तरी कळलं असेल का? पुढे दरबारात फारसी आली, मग इंग्रजी. सरकारची भाषा आणि चुलीपाशी बोलायची भाषा यांत अंतर होतं ते असं जुनंच.

उल्हासनगरला उतरलो. इथे पत्ता सांगताना गल्लीचं नाव नंतर, आधी कॅम्पचा नंबर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी बांधली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना त्याच बराकींतून जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीचं उल्हासनगर असं नाव ठेवलं. लष्कर गेलं, इंग्रजही गेले, पण 'कॅम्प' काही गेला नाही.

कॅम्प नंबर दोनच्या एका दुकानात गल्ल्यावर पंच्याहत्तरीच्या एक सिंधी आजी होत्या. साड्या बघता बघता स्वयंपाकावर गोष्टी निघाल्या. मी सिंधी कढीची कृती विचारली, तर त्यांनी खालच्या खणातून एक जुनी वही काढली. त्यांच्या आईची. आतली अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहिलेली. "मी वाचते. सून बोलते, पण तिला वाचता येत नाही. नातू तर बोलतही नाही. इंग्लिश, हिंदी, बस," त्या म्हणाल्या आणि वही पुन्हा पदराने पुसली. गंमत अशी की सिंधी लिहायची ही अक्षरं इंग्रज सरकारनेच १८५३ साली ठरवून दिली होती. तीच आता घरात परकी झाली!

मला एकदम आमच्या माळ्यावरची ट्रंक आठवली. तिच्यात आजेसासऱ्यांची भाताच्या हिशेबाची वही आहे, मोडीत लिहिलेली. घरात कुणालाच ती लागत नाही, मलासुद्धा नाही. मी कोणत्या तोंडाने त्या नातवाला नावं ठेवू?

परतताना मनात आनंदीबाई जोशी होत्या. त्या पलीकडच्या कल्याणच्याच, जन्म १८६५चा. नवऱ्याने घरी शिकवलं, इंग्रजी आत्मसात केली, १८८३ साली नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. साहेबांनी कारकून मिळावेत म्हणून आणलेली भाषा एका मुलीने बायकांच्या औषधपाण्यासाठी वापरली. मग मी नातीची वाट का अडवावी? पण आनंदीबाई आपल्या आजीच्या पिढीला घरोघर कळल्या त्या काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र मराठीत लिहिलं म्हणून. हेही विसरून कसं चालेल?

घरी आल्यावर सूनबाईंना म्हटलं, "घाल इंग्रजी शाळेत. पण रविवारची सकाळ माझी."

बाजारातून येताना दोनशे पानी वही आणली आहे. नातीला अक्षर ओळख झाली की मी एकेक पदार्थ सांगायचा आणि तिने मराठीत लिहायचा. पहिलं पान सासूबाईंच्या बिरड्याला ठेवलंय. दुसऱ्यावर मात्र आजींची सिंधी कढी असणार. कृती मी दुकानातच पिशवीच्या कागदावर उतरवून घेतली आहे. त्यांनी वाचून दाखवली, मी मराठीत लिहिली.