फाल्गुनी वारा आणि पेजेचा काठ

माघ सरत आला की कर्जत-खालापूरकडच्या बहुतेक ओढ्यांत केवळ दगडगोटे उरतात. पेज नदी मात्र वाहत असते. मावळातील आंध्रा नदीचे पाणी स्वभावतः इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जावयाचे. ते धरणात अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून भिवपुरीच्या वीजगृहात उतरविले जाते. १९२२ पासूनच्या या व्यवस्थेतून सुटणारे पाणी पेजेला मिळते, राजनाल्यावाटे उन्हाळी भाताला पोहोचते आणि उरलेले उल्हास नदीत जाते. खालापुरात पाताळगंगेला खोपोलीच्या वीजगृहाचे असेच देणे आहे. डोंगर सुकू लागले की तहानलेले जीव या काठांवर गोळा होतात. म्हणून ज्येष्ठांनी या दिवसांत कोठे चालावे असे कोणी विचारले, तर मी पेजेकाठची सपाट वाट सुचवितो. पात्रात मात्र उतरू नये. वीजगृहातून पाणी सुटले की पातळी वाढते.

पहाटेच निघण्याचा हट्टही नको. कीटकांच्या शरीराची ऊब भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. ऊन अंगावर आल्याखेरीज फुलपाखरू पंख हलवीत नाही. आठ-साडेआठला निघणाऱ्याचे काहीच हुकत नाही. तोवर न्याहारी होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघूच नये, आणि लघवीचे औषध घेणाऱ्यांनी त्यानंतरचा तास-दीड तास घरीच काढावा. या अडचणीपायी कित्येक जण बाहेर पडणेच सोडतात, आणि संकोचाने ते कोणाला सांगतही नाहीत.

या दिवसांत सकाळी घाटावरून कोरडा वारा उतरतो. त्याच्या झोतात उडणारे काही दिसत नाही. पाहावयाचे ते आडोशाला. कुंपणाच्या निवाऱ्याकडील बाजूला, ओल्या मातीवर, फुलपाखरे दाटीने बसलेली आढळतात. ती चिखलातील क्षार शोषीत असतात, आणि त्यांत बहुतेक नरच असतात. मीठ कमी करा म्हणून माझे बोलणे खाणाऱ्यांना हे दृश्य विशेष आवडते. लव्हाळ्याच्या टोकावर चतुर बसलेला असतो. बसताना पंख पसरून ठेवतो तो चतुर. पाठीवर मिटून घेते ती सडपातळ टाचणी. दोघांचीही बाल्यावस्था पाण्यात जाते, आणि तेथे ती डासांच्या अळ्या खातात. तारेवरचा वेडा राघू मधमाशी पकडून आणतो, फांदीवर आपटून, घासून तिचा दंश काढतो आणि मगच गिळतो.

माझे एक रुग्ण, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक, न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही. पण पुढचे सहा महिने त्यांनी उंबरा ओलांडला नाही. पडण्याचे भय माणसाला बसवून ठेवते, बसून मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि मग खरोखरच पडण्याचा धोका वाढतो. व्यायामाचा कागद त्यांनी घडी करून ठेवून दिला होता. सूनबाईंनी वेगळी युक्ती केली. घडीची खुर्ची घेऊन त्या त्यांना काठावर नेऊ लागल्या आणि 'आज राघू किती ते मोजून सांगा' एवढेच म्हणू लागल्या. पहिल्या दिवशी चाळीस पावले झाली. आजही त्यांच्या हाती चार पायांची काठी आहे, चाल संथच आहे. पण वही भरत आली आहे आणि खुर्ची दर आठवड्याला थोडी पुढे सरकते.

संथपणाचे येथे वावडे नाही. सलीम अली यांनी आपल्याच जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याचा जो अभ्यास केला, तो एका जागी तासन्‌तास बसूनच.

सोबत जाणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. काटेसावर या दिवसांत लाल फुलांनी डवरते आणि तिच्यावर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते. मान मागे टाकून उभ्याने पाहू लागल्यास वृद्धांना भोवळ येते. आधी खुर्चीत बसवावे, मग वर पाहू द्यावे. उठताना क्षणभर थांबावे. त्याच झाडावर आग्या मोहोळ असल्यास दुरूनच फिरावे. अत्तर लावून जाऊ नये. वाळलेल्या गवतात घोणस असू शकते, म्हणून मळलेली वाट सोडू नये. साप चावलाच तर कापणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालविता, तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. दगड उलटून पाहण्याचा मोह नातवंडांना होतो. त्याखाली विंचू असतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिले, तेही आपल्या रायगडातच.

कानाला मफलर, डोळ्यांना चष्मा आणि पाण्याची बाटली एवढे सामान पुरे. दहाच्या सुमारास ऊन चढते, तेव्हा परतावे. दुपारनंतर वारा फिरून समुद्राकडून येऊ लागतो आणि पळसाच्या गळालेल्या पाकळ्या वाटेवरून घाटाच्या दिशेने सरकू लागतात.