वाईची वाट आणि गाडीचा खडखडाट

कृष्णाकांठच्या क्षेत्रांची ओढ ज्या घरांत आहे, त्या घरांतील मंडळींस पुण्याहून वाईस जाणारी वाट नव्यानें सांगावयास नको. कात्रज मागें टाकावा, शिरवळाशीं नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत शिरावें, खंबाटकीचा घाट चढून उतरावा आणि सुरूर फाट्यावरून उजव्या हातास वळावें, कीं पांडवगडाचा डोंगर दृष्टीस पडूं लागतो आणि नव्वदएक किलोमीटरांचा शीण निम्मा उतरतो. यंदा मार्गशीर्षांत आमच्या घरांतील सहा माणसें याच वाटेनें निघालीं. आमच्या वडील वहिनींस ब्याऐंशीवें वर्ष चालू आहे. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत जाऊन कृष्णेच्या उगमाचें पाणी डोळ्यांस लावावें, ही त्यांची इच्छा तीन वर्षें या ना त्या कारणानें मागें पडत आली होती. गाडी चालवीत होता आमचा पुतण्या. त्याची पत्नी, दोन मुलें, वहिनी आणि आम्ही, असा परिवार.

आमच्या सोबतीस आणखी एक बिनबोलावलेला पाहुणा होता, तो म्हणजे गाडीच्या पुढील भागांतून येणारा एक आवाज. हमरस्त्यावर गाडी वेगानें धांवत असतां तो मुळींच ऐकूं येत नसे. परंतु उखडलेला डांबरी रस्ता किंवा गांवांतील फरसबंद बोळ लागला, कीं सैल खांचेंत लाकडी खुंटी आपटावी तसें 'खट्-खट्' सुरू होई. महिनाभरापूर्वीं पुण्यांतील एका मोठ्या गॅरेजांत गाडी दाखविली होती. तेथील लोकांनीं एकेक चाक जॅकवर उचलून हलवून पाहिलें, पुढील दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले आणि भरभक्कम बिल हातीं दिलें. आवाज मात्र जागचा हलला नाहीं.

वाईस पोहोंचल्यावर प्रथम ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलेल्या या मंदिराची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे, ती अशासाठीं कीं पुराचा लोट तिच्यावर दुभंगून दोहों बाजूंस निघून जावा. घाट बांधणाऱ्या त्या कारागिरांस पाण्याचा स्वभाव ठाऊक होता. आमच्या गाडीस हात लावणाऱ्यांस लोखंडाचा स्वभाव तितका ठाऊक असता, तर पुढील कथा लिहावयाचें कारण पडलें नसतें.

मुक्कामाच्या घराकडे जातांना बोळांत आवाजानें कहर केला. तो नेमका कोठून येतो याविषयीं सहा माणसांचीं सात मतें. पुतण्यास तो उजव्या चाकाचा वाटे, सूनबाईंस डाव्या. धाकट्या नातवाचा संशय आजीच्या लाडवांच्या पितळी डब्यावर. गाडीचा सांगाडा सबंध पोलादाचा; एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकास उमटतो, म्हणून अशा वेळीं नुसत्या कानावर विसंबून भागत नाहीं. डबा मांडीवर घेतला, मागील सामान उतरविलें, तरी ठोका कायम.

एरवीं अशा आवाजाकडे काणाडोळा करून दिवस काढतां येतात. पण वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणीस जावयाचें म्हणजे बाराएक किलोमीटरांत सुमारें सहाशें मीटर उंची गांठावयाची, आणि चढविलेली गाडी उतरवावीहि लागते. पुढील चाकाचा खालचा बॉल जॉइंट झिजून निसटला, तर चाक मुडपून गाडी जागच्या जागीं बसते. वळणावर, एका अंगास दरी असतां, तसें झालें तर काय, हें पुतण्यानें बोलून दाखविलें नाहीं. परंतु "आजींना या खेपेस इथूनच परत नेऊं" असें तो हळूच म्हणाला. तें वहिनींनीं ऐकलें. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, जन्मभर मुलांना तर्कसंग्रह शिकवलात ना? मग विचारा की त्या आवाजाला, तूं कोण म्हणून!"

ज्या गांवीं केवलानंद सरस्वतींनीं मीमांसाकोश रचिला, जेथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें काम मांडलें आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, त्या गांवीं हें आव्हान नाकारणें बरें दिसलें नसतें. आम्हीं पुतण्यास गाडी घेऊन नदीकडील मोकळ्या रस्त्यावर चलण्यास सांगितलें.

गाडी उभी ठेवून सुकाणूचें चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविलें, शांतता. अर्थात् खांबाच्या माथ्यावरील बैठकीवरचा संशय कमी झाला. (अलीकडील बहुतेक लहान गाड्यांत स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबांत गुंफलेले असतात, ही युक्ति अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याची.) मंद वेगांत एकाएकीं ब्रेक दाबला, तरीहि धक्का नाहीं. लोअर आर्मचे रबरी बुश फाटले असते, तर येथें एखादा दणका मिळावयास हवा होता. मग एका गतिरोधकावरून गाडी सरळ नेली, दोन्ही पुढचीं चाकें एकदमच चढलीं, आणि गाडी निमूट पार झाली! तोच गतिरोधक तिरकस ओलांडावयास लावतांच पहिल्या चाकाबरोबर 'खट्' आणि दुसऱ्याबरोबर पुन्हा 'खट्'.

येथें आमचें मन थबकलें. शॉकॲब्सॉर्बर असो वा बॉल जॉइंट, दोन्ही चाकें एकदम उचललीं तरी त्यांवर भार यावयाचाच. मग एकच चाक वर गेलें असतांना ज्यावर ताण येतो आणि दोन्ही मिळून गेलीं असतां येत नाहीं, असें काय आहे? पुतण्या क्षणभर विचार करून म्हणाला, "काका, आडवा दांडा!" वळणावर गाडी कलूं नये म्हणून दोन्ही बाजूंस जोडणारा एक पोलादी दांडा पुढें बसविलेला असतो. एक चाक चढलें कीं तो पिळतो; दोन्ही चढलीं कीं आपल्या रबरी बैठकींत नुसता फिरतो. त्याचीं टोकें ज्या आंखूड काड्यांनीं खांबास जोडलेलीं असतात, त्यांस गॅरेजवाले लिंक रॉड म्हणतात. नैयायिक ज्यास परिशेषानुमान म्हणतात, तें हेंच.

बाजाराजवळील एका लहानशा गॅरेजचे मिस्त्री आमचें म्हणणें नीट ऐकून घेऊन कामास लागले. प्रथम त्यांनीं पहारीनें दोन्ही बॉल जॉइंट उचकून पाहिले. ते शाबूत होते. आमच्या छातीवरचें ओझें तेथेंच उतरलें. पुण्यास हा दोष कां सांपडला नाहीं असें विचारतां ते म्हणाले, "गुरुजी, एकच चाक उचललं की दांडा पिळून ताणला जातो, मग सैल सांधाबी घट्ट लागतो. दोन्ही चाकं बराबर उचला, मग बघा." तसें केल्यावर उजवीकडील लिंक बोटांनीं हालविली तरी टकटक वाजूं लागली. तरीहि व्यतिरेक पाहणें उरलेंच होतें. दोन्ही लिंक सोडवून मिस्त्रींनीं त्याच बोळांतून अगदीं सावकाश एक फेरी मारली. आवाज नाहींसा! कारण काढतांच कार्य गेलें. याहून अधिक प्रमाण कोणत्या शास्त्रानें मागावें?

नव्या लिंक साताऱ्याहून यावयाच्या होत्या. तेवढा वेळ आम्ही रिक्षानें मेणवलीस गेलों. नाना फडणविसांचा वाडा पाहून घाटावर उतरलें, कीं देवळाशीं ती प्रसिद्ध घंटा दिसते. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतल्यावर तेथील गिरिजाघरांतून आलेली. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृति आणि १७०७ हा आंकडा आहे. मुलें ती वाजवून पाहण्यास उतावीळ झालीं होतीं. वहिनी म्हणाल्या, "आज आवाज पुष्कळ झाले."

सायंकाळीं दोन्ही बाजूंच्या लिंक नव्या बसल्या. एकच झिजली असतां जोडी बदलावी, हा मिस्त्रींचा आग्रह आम्हांसहि पटला. पुण्याच्या बिलाशीं ताडून पाहतां त्यांची मजुरी सांगावयास संकोच वाटावा इतकी थोडी होती. पुतण्यानें ती दुप्पट देऊं केली. त्यांनीं हिशेबापुरतेच पैसे ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशीं पहांटे घाट चढलों. पंचगंगेच्या देवळांत गोमुखाखालीं वहिनींनीं ओंजळ धरली आणि कितीतरी वेळ ती तशीच ठेवली. आम्हांपैकीं कोणी त्यांस घाई केली नाहीं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री, पांचहि नद्यांचीं नांवें त्यांनीं मुलांकडून दोनदां म्हणवून घेतलीं.

उतरतांना धोमच्या जलाशयावर ऊन कललें होतें. पसरणीचीं अर्धीं वळणें मागें पडलीं, आणि मागील आसनाकडून बारीकशी खडखड ऐकूं आली. पुतण्यानें मुकाट्यानें गाडी कडेस घेतली. या वेळीं मात्र डबाच होता. दोनच लाडू उरल्यामुळें ते आंत गडगडत होते. ते नातवंडांस वांटून टाकले आणि पुढें निघालों.