बिनछपराचं रंगभवन

रंगभवनाच्या डोक्यावर छप्पर नव्हतं आणि पोटात काही राहत नव्हतं. मंचावर जे वाजेल ते भिंतीवरून थेट गल्लीत. खिशात तिकिटाचे पैसे नसलेल्या कॉलेजच्या पोरांना हा स्वभाव भलताच सोयीचा. मुंबईतल्या धोबी तलावचं हे सरकारी खुलं नाट्यगृह. नाव ऐकून वाटावं, इथे नांदी आणि नाट्यपदंच रंगत असतील. पण जगभर नाव गेलं ते सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटारमुळे.

शेजारही तसाच लाभला. हाकेच्या अंतरावर जेर महालात गोवेकरांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा. एकेका गावाचा एकेक. भिंतीलगत पेट्यांची रांग, एका बाजूला आल्तार, आणि बोटीवर नाहीतर बँडमध्ये काम लागेपर्यंत तिथेच पथारी. शहरातल्या बॉलरूमना वादक पुरवले ते या गोवेकरांनी. आल्दोनाचे चिक चॉकलेट रात्री ट्रम्पेट वाजवत आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डिंगला हजर होत. चर्चगेटला अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरींच्या बँडबरोबर लॉर्ना गात. पण ती सगळी मैफल भरल्या खिशाची. गोऱ्यागोमट्या टेबलांपलीकडे ते संगीत फारसं झिरपत नसे.

ते उघड्यावर आणलं रंगभवनाने. 1978 साली निरंजन झवेरींनी इथे पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली आणि अमेरिकेहून साक्षात सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स येऊन वाजवून गेले. पुढे दर दोन वर्षांनी यात्रा भरू लागली. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर राग वाजवत, तेही याच चळवळीत बहरले. मग ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव आला, लांब केसांची, काळ्या टी-शर्टांची गर्दी आली. रंगभवनाने नाक मुरडलं नाही. सरकारी असूनही इतकं मोकळं, हे मला आजही नवलाचं वाटतं.

घात केला तो याच मोकळेपणाने. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाला कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं जवळ, सेंट झेवियर्स कॉलेज शेजारी, एस्प्लनेड कोर्टही लांब नाही. नियम जणू त्याच्याच मापाने शिवलेला. काही वर्षांतच संगीत बंद पडलं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. बाळंतिणीच्या उशाशी ड्रम कुणाला हवेत? कामा तर बायकांचंच रुग्णालय.

पुढे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी हल्ल्यात करकरे, कामटे, साळसकर हे पोलीस अधिकारी रंगभवनालगतच्या गल्लीत धारातीर्थी पडले, आणि ज्यांनी इथे कधी एक सूर ऐकला नव्हता त्यांनाही ‘रंगभवन गल्ली’ ठाऊक झाली. मधल्या काळात रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारायची घोषणा झाली. वारसा वास्तूची अडचण निघाली आणि ते भवन चर्नी रोडला गेलं. 2022 च्या गुढीपाडव्याला तिथे भूमिपूजनही उरकलं.

तेव्हा रंगभवन बंद ठेवायला आता सबब उरलेली नाही. आवाज बाहेर जातो हीच तक्रार असेल, तर वारसा सांभाळून आवाज अडवायची सोय करा. तेही जमत नसेल, तर लाउडस्पीकरशिवाय सतार, व्हायोलिन, नुसता गळा यांना तरी दार उघडा. कुलूप घालून ठेवणं हे काही जतन नव्हे.